तिग्वाची चित्रे : ढोलाच्या कातड्यावरून चौकटीत आलेले डोंगर, कोंडोर आणि माणसे

दूरदेशी (धागाकर्ती)

माझ्या बैठकीच्या खोलीत दोन वीत रुंदीचे एक चित्र आहे. त्याच्या वरच्या भागात बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आहे आणि त्याला डोळे, नाक, तोंड आहे. खाली शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे गोधडीसारखे एकमेकांना जोडलेले आहेत. त्यांतून लामा या लोकरी ओझेवाहू प्राण्यांची रांग चालली आहे, एका झोपडीतून धूर निघतो आहे, आणि या सगळ्यावरून एक प्रचंड काळा पक्षी लाल शाल पांघरलेल्या मुलीला पाठीवर घेऊन उडतो आहे. घरी येणारे पाहुणे बहुधा "किती सुंदर कल्पना आहे," असे म्हणतात. त्यांचे कौतुक मनापासून असते, तरी "कल्पना" हा शब्द मला दर वेळी अडतो, आणि त्याच अडचणीतून हा धागा सुरू करते आहे.

हे चित्र मी इक्वादोरची राजधानी कीतो येथे, एल एहिदो उद्यानात शनिवार-रविवारी भरणाऱ्या चित्रबाजारात, थेट चित्रकाराकडून घेतले. ते तिग्वाचे आहे. तिग्वा हे एक गाव नसून कोतोपाक्सी प्रांतातल्या काही डोंगरी वस्त्यांचे एकत्रित नाव आहे. लाताकुंगा शहरातून पुहिलीमार्गे सुम्बाह्वाकडे आणि पुढे किलोतोआच्या विवर-सरोवराकडे जाणारा रस्ता या वस्त्यांजवळून जातो. उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास, झाडे फार थोडी, वारा सतत, आणि सगळीकडे पारामो नावाचे उंचावरचे गवताळ माळ. लोक किचवा भाषा बोलतात, बटाटे, सातू आणि घेवड्यासारखी पिके घेतात आणि मेंढ्या पाळतात.

या चित्रांचा उगम ढोलात आहे. कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या आणि इतर सणांच्या मिरवणुकांत वाजवायच्या ढोलांची पाने मेंढीच्या कातड्याने मढवलेली असत आणि त्यांवर रंगीत आकृत्या काढायची रीत होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिग्वाचे हुलिओ तोआकिसा यांनी असा रंगवलेला ढोल कीतोतल्या ओल्गा फिश यांच्याकडे नेला. फिश मूळच्या हंगेरीच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्या इक्वादोरला येऊन स्थायिक झाल्या आणि तेथील लोककलेच्या जाणत्या संग्राहक व विक्रेत्या म्हणून प्रसिद्ध झाल्या. ढोलावरचे चित्र पाहून त्यांनी तोआकिसांना हेच कातडे सपाट लाकडी चौकटीवर ताणून त्यावर चित्र काढून पाहण्यास सुचवले. तोआकिसांनी ते करून पाहिले, मग भावांना व मुलांना शिकवले, आणि काही वर्षांतच आजूबाजूच्या वस्त्यांतली अनेक घरे चित्रे काढू लागली. त्यांचा मुलगा आल्फ्रेदो हा आज या परंपरेतल्या सर्वांत परिचित चित्रकारांपैकी एक आहे.

आता त्या उडणाऱ्या मुलीविषयी. कोंडोर म्हणजे अँडीज पर्वतातला गिधाडासारखा प्रचंड पक्षी. तो आणि मेंढपाळ मुलगी यांची ही कथा इक्वादोरपासून बोलिव्हियापर्यंत अनेक रूपांत सांगितली जाते. माळावर एकटीच मेंढ्या राखणाऱ्या मुलीकडे काळे वस्त्र पांघरलेला, गळ्यात पांढरा रुमाल बांधलेला एक तरुण येतो. तो तिच्याशी गोड बोलतो, खेळता खेळता तिला पाठीवर घेतो आणि अचानक उडतो, कारण तो माणूस नसून कोंडोर असतो. तो तिला कड्यावरच्या आपल्या घरट्यात नेतो. तिथे कच्चे मांस खाऊन तिच्या अंगावर हळूहळू पिसे उगवू लागतात. आईबाप तिला शोधून घरी आणतात, पण कित्येक रूपांत ती घरात राहू शकत नाही. कोंडोर परत येतो, किंवा तीच उडून जाते.

ज्याने खरा कोंडोर पाहिला आहे त्याला ही कथा ऐकताना त्या तरुणाचा वेश लगेच ओळखू येतो. पक्ष्याचे अंग काळे असते आणि मानेभोवती पांढऱ्या मऊ पिसांचे कडे असते. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी तीन मीटरहून जास्त भरते, आणि तो पंख जवळजवळ न हलवता वाऱ्यावर तासन्‌तास तरंगतो. कड्यांच्या कपारीत घरटे करणारा, मेलेल्या जनावरांचे मांस खाणारा हा पक्षी ज्या माळावर रोज डोक्यावरून जातो, त्याच माळावर सात-आठ वर्षांच्या मुली दिवसभर एकट्या मेंढ्या राखत असत. कथेतली भीती कुठून आली हे यावरून कळते. शिवाय वयात आलेली मुलगी परक्या घरी जाते आणि परत आलीच तर आधीची उरत नाही, हे दुःखही त्या पिसांत आहे असे मला वाटते.

डोंगराच्या चेहऱ्याचेही असेच आहे. कोतोपाक्सी ५,८९७ मीटर उंच आहे आणि जागृत आहे. १८७७च्या उद्रेकात त्याच्यावरचे हिम वितळून जे चिखलाचे लोंढे आले, त्यांनी लाताकुंगा उद्ध्वस्त केले होते. असा शेजारी असताना त्याची मर्जी सांभाळावी लागते, त्याला नावाने हाक मारावी लागते. या भागात चिम्बोरासो हा "तायता" म्हणजे बाबा आहे आणि तुंगुराह्वा ही "मामा" म्हणजे आई आहे. तुंगुराह्वासाठी चिम्बोरासो आणि कारीह्वाइरासो या दोन पर्वतांत युद्ध झाले आणि कारीह्वाइरासो हरला म्हणून त्याचे शिखर मोडके आहे, असे सांगतात. कीतोजवळचा ग्वाग्वा पिचिंचा हे चिम्बोरासो आणि तुंगुराह्वा या जोडप्याचे मूल. ते मूल रडले की आई उत्तर देते, म्हणजेच एक ज्वालामुखी गुरगुरला की दुसराही गुरगुरतो.

म्हणून मला वाटते की तिग्वाचा चित्रकार डोंगराला चेहरा देतो तेव्हा तो काही नवीन कल्पित नसतो. ज्या शेजाऱ्याला त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाते, त्याचे तो चित्र काढत असतो. जाणकारांनी यात भर घालावी, आणि माझे कुठे चुकत असल्यास निःसंकोच सांगावे.

कातळवाट

लेख अतिशय आवडला, तरी एक शंका मांडतो. शहरातल्या एका विक्रेतीने सुचवल्यावर, परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून जी चित्रे सुरू झाली, त्यांना पुराणकथांची चित्रे म्हणावे की पर्यटकांसाठी केलेल्या वस्तू म्हणाव्यात? ढोल मिरवणुकीत वाजत होता, त्याला गावात काम होते. चौकटीतले चित्र गावात कोणाच्याच भिंतीवर लागत नसेल, तर त्याचा त्या पुराणाशी संबंध केवळ विषयापुरता उरतो. शेतांचे तुकडे, लामा, झोपडी आणि बर्फाचा डोंगर असा ठरीव साचा मी दुकानांतल्या चित्रांत पाहिला आहे, आणि त्यांतली बरीच एकमेकांच्या नकला वाटतात.

दूरदेशी (धागाकर्ती)

कातळवाट, शंका रास्त आहे आणि तिचा अर्धा भाग मला मान्यच आहे. बाजारासाठी घाईने केलेली, एकाच साच्यातली चित्रे भरपूर आहेत आणि ती नजरेला लगेच कळतात. त्यांत माणसे नुसते ठिपके असतात आणि कोणीच काही करत नसते. चांगल्या चित्रात प्रत्येक ठिपका कामात असतो. कोणी बटाटे खणतो, कोणी भांडतो, कोणी पिऊन रस्त्याच्या कडेला झोपलेला असतो आणि त्याची बायको त्याच्याजवळ राखण करत बसलेली असते.

परंतु गिऱ्हाइकाने न मागितलेलेही बरेच काही या चित्रकारांनी रंगवले आहे. तिग्वा-सुम्बाह्वाचा मुलूख दीर्घकाळ मोठ्या जमीनदारी मळ्यांचा होता. तिथे वासिपुंगो नावाची पद्धत होती. मळ्यातल्या एका लहानशा तुकड्यावर घर करून राहण्याच्या बदल्यात सगळ्या कुटुंबाने मालकासाठी राबायचे, असा तिचा अर्थ. १९६४च्या जमीन सुधारणा कायद्याने ती कागदोपत्री संपली. तोआकिसांचा जन्म १९४६चा आहे, म्हणजे ही पद्धत त्यांनी स्वतःच्या लहानपणी पाहिलेली आहे. तिग्वाच्या चित्रांत घोड्यावरचा मुकादम आणि त्याचा चाबूक येतो, आणि जून १९९०मध्ये देशभरच्या मूळनिवासींनी रस्ते अडवून जो उठाव केला, त्याचे मोर्चेही येतात. त्या मोर्चांवरही वरून तोच चेहऱ्याचा डोंगर पाहत असतो. दिवाणखान्यात लावायला हौसेने कोणी चाबकाचे चित्र मागत नाही.

शिवाय कातड्याचाच विचार करा. मेंढी अँडीजमधली नाही. तिथले मूळ पाळीव प्राणी म्हणजे लामा, अल्पाका आणि कुई, ज्याला आपण गिनिपिग म्हणतो. मेंढ्या सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणल्या. त्यांच्यासाठी कुरणे घेतली गेली आणि त्यांच्या लोकरीवर चालणाऱ्या कापडाच्या कारखान्यांत याच लोकांना जुंपले गेले. त्या जनावराचे कातडे आधी ढोलावर आणि नंतर चित्राखाली आले. त्यामुळे या चित्रांचा पृष्ठभाग कोरा असतो असे मला कधीच वाटत नाही.

थाप

आमच्या घरी तीन पिढ्या ढोल आणि हलग्या मढवण्याचे काम आहे, त्यामुळे चित्रापेक्षा कातड्यावर लिहितो. मढवलेले पान पावसाळी हवेत ओल धरून सैल पडते आणि कोरड्या हवेत किंवा शेकल्यावर पुन्हा ताठ होते. वाजवणाऱ्याला ते चालते, कारण तो वादी ओढून किंवा शेकून सूर जुळवून घेतो. रंगाला मात्र ते चालणार नाही. कातडे हलले की जाड रंगाचा पापुद्रा तडकतो. त्यामुळे रंगवणाऱ्याला रंग पातळ आणि चिवट ठेवावा लागत असणार, असा माझा अंदाज आहे. दुसरे म्हणजे कातड्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, पाठीच्या कण्यावर ते जाड आणि पोटाकडे पातळ असते. सपाट चौकटीवर चारही बाजूंनी सारखा ताण बसवणे हे गोल कड्यावर बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, कारण कोपऱ्यांत सुरकुती राहते. या चित्रकारांनी ती कशी काढली असेल, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे. ते रंग कोणते वापरतात?

दूरदेशी (धागाकर्ती)

थाप, आपला अंदाज अचूक आहे. सुरुवातीला कापडाला वापरतात तशा ॲनिलिन रंगांचा आणि कोंबडीच्या पिसांच्या कुंचल्याचा उपयोग होत असे. पुढे इनॅमल आणि ॲक्रिलिक रंग आले आणि चित्रांना आजचा झगझगीतपणा आला. कातडे केस काढून, तासून, ओले असतानाच चौकटीवर खिळ्यांनी ताणतात आणि मग वाळवतात, म्हणजे वाळताना ते स्वतःच आवळते. पुष्कळदा चित्राभोवतीची लाकडी पट्टीही रंगवलेली असते आणि तिच्यावर भौमितिक नक्षी असते. ती नक्षी पाहताना मला नेहमी ढोलाच्या कड्याची आठवण होते.

रेघोटी

या विषयाची जुनी बाजू मांडते, कारण अँडीजमध्ये डोंगराला चेहरा देण्याची गोष्ट तिग्वापासून सुरू होत नाही. बोलिव्हियातील पोतोसी येथे १५४५मध्ये चांदीचा जो डोंगर सापडला, त्या सेर्रो रिकोचे अठराव्या शतकातले एक चित्र तेथील जुन्या टांकसाळीच्या संग्रहालयात आहे. चित्रकार अज्ञात आहे. त्यात डोंगर हाच कुमारी मेरीचा झगा आहे. शिखराच्या जागी तिचे मुख, दोन्ही उतारांतून बाहेर आलेले तिचे तळवे, बाजूंना सूर्य आणि चंद्र, आणि त्या झग्यावर पायवाटा, लामा व माणसे. वर पवित्र त्रयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिला मुकुट घालते आहे आणि खाली पोप व सम्राट गुडघे टेकून आहेत. चर्चला ते मेरीचे चित्र म्हणून मान्य होते. ज्यांच्या लेखी डोंगर म्हणजेच पाचामामा, धरणीमाता होती, त्यांनाही ते मान्य होते. एकाच आकृतीला दोन बाजूंनी नमस्कार होत असे.

पेरूतल्या कुस्को शहरात मूळनिवासी चित्रकारांनी सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून धार्मिक चित्रे काढली. दिएगो किस्पे तितो यांच्या बायबलमधल्या प्रसंगांत मागच्या झाडांवर झगमगीत पोपट बसलेले दिसतात, जे मूळच्या फ्लेमिश छापांत नव्हते. मार्कोस सापाता यांचे कुस्कोच्या कॅथेड्रलमधले शेवटच्या भोजनाचे चित्र तर सर्वांनाच माहीत असते. १७५३च्या सुमाराच्या त्या चित्रात येशूच्या पुढ्यातल्या ताटात पाय वर करून उताणा पडलेला कुई आहे. पाहणारे हे गमतीने दाखवतात, पण मला त्यात गंभीरपणा दिसतो. कुई हा अँडीजमध्ये सणाचा पदार्थ आहे आणि त्याहून अधिक काही आहे. आजारी माणसाच्या अंगावरून जिवंत कुई फिरवतात, मग तो उघडून त्याच्या आतड्या-काळजात रोग्याचा रोग वाचतात. प्राण देऊन दुसऱ्याचे दुखणे स्वतःवर घेणारा प्राणी त्या मेजावर ठेवताना चित्रकाराने काही विचार केला नसेल, असे मला मानवत नाही.

दूरदेशी (धागाकर्ती)

रेघोटी, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. कुईने रोग काढण्याचा प्रसंग तिग्वाच्या चित्रांतही वारंवार येतो. अंधाऱ्या झोपडीत एक मेणबत्ती, जमिनीवर आजारी माणूस, आणि त्याच्याशेजारी कुई हातात घेतलेला वैदू. किचवा भाषेत त्याला "याचाक" म्हणतात. कानाला हा आपला "याचक" वाटतो, पण त्याचा अर्थ "जाणणारा" असा आहे, कारण "याचाना" म्हणजे जाणणे. अशा चित्रात झोपडीची एक भिंत काढून टाकलेली असते, म्हणजे आतला उपचार आणि बाहेरचा डोंगर एकाच वेळी दिसतो. डोंगराला हाक मारून त्याची मदत मागितल्याशिवाय उपचार पुरा होत नाही, त्यामुळे तो चित्रात असावाच लागतो.

माळरान

पेरूच्या आयाकुचो प्रदेशातील सार्वा या गावाच्या चित्रफळ्यांचा उल्लेख इथे व्हायला हवा, विशेषतः कातळवाट यांच्या शंकेच्या संदर्भात. सार्वामध्ये कोणी नवीन घर बांधले की त्याचा "कोंपाद्रे", म्हणजे विधीने जोडलेला नातलग, एक लांब रंगवलेली फळी भेट देतो आणि ती छताखाली आडव्या वाशांना बांधली जाते. फळी खालून वर वाचायची असते. तळाशी अर्पणाचा मजकूर, मग कुमारी मेरी, मग घरधनी आणि घरधनीण, मग नात्याच्या क्रमाने एकेक कुटुंब आपापले काम करताना, आणि सर्वांत वर सूर्य. म्हणजे घरात राहणाऱ्या माणसांचे सगळे गणगोत घराच्या छताला बांधून ठेवलेले असते.

१९७०च्या दशकापासून सार्वाहून राजधानी लिमाला गेलेल्या चित्रकारांनी या फळ्या लहान, आडव्या करून शहरात विकायला सुरुवात केली आणि त्यांवर गावच्या चालीरीती, कथा, पशुपक्षी आले. इथवर हे तिग्वासारखेच आहे. पुढे १९८०च्या दशकात त्यांच्या मुलखावर शायनिंग पाथ या माओवादी संघटनेचे बंडखोर आणि लष्कर या दोघांचाही कहर कोसळला, तेव्हा त्याच शैलीत त्यांनी ती हिंसा रंगवली. "पिराक काउसा", म्हणजे "दोष कोणाचा", या नावाची ती चित्रमालिका आहे. विकण्यासाठी लहान केलेल्या चित्रानेच पुढे साक्ष दिली. सार्वाच्या चित्रकलेला पेरू सरकारने २०१८मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, आणि त्याच सुमारास त्या मालिकेतली चित्रे परदेशातून लिमाच्या कलासंग्रहालयाकडे येत असताना दहशतवादाचे समर्थन असल्याच्या संशयावरून अडवली गेली होती, हेही नोंदवून ठेवतो.

कातळवाट

माळरान यांच्या प्रतिसादानंतर माझी शंका पुष्कळ सौम्य झाली आहे. बाजारात आल्यामुळे चित्राचे गावातले काम सुटले, हे मी अजूनही म्हणेन; पण त्याला दुसरे काम मिळाले, हे मान्य करतो. आता एक साधा प्रश्न. अँडीजच्या कलेविषयी वाचताना कोंडोर म्हणजे वरचे जग, प्यूमा म्हणजे आपले जग आणि सर्प म्हणजे खालचे जग, अशी त्रयी सगळीकडे भेटते. तिग्वाच्या चित्रांतही ती आहे का?

दूरदेशी (धागाकर्ती)

इतक्या नेटक्या रूपात मला ती तिथे दिसलेली नाही. वरचे जग, हे जग आणि आतले जग असे तीन "पाचा" मानण्याची कल्पना जुनी आहे. परंतु प्रत्येकाला एकेक प्राणी वाटून देणारी मांडणी कुस्कोच्या दुकानांतल्या दागिन्यांवर आणि वाटाड्यांच्या बोलण्यात जितकी सापडते, तितकी डोंगरातल्या माणसांच्या कथांत सापडत नाही. कथांतले प्राणी असे चौकटीत बसत नाहीत. तिथला कोल्हा लबाड आहे आणि नेहमी फसतोही. कोंडोर मुलगी पळवणारा आहे, जावईही आहे, आणि मेलेल्या जनावराच्या आतड्यांत चोच घालून बसणाराही आहे. मला तो खरा कोंडोर त्या प्रतीकापेक्षा अधिक प्रिय आहे.

तो इक्वादोरच्या राजचिन्हावर चिम्बोरासोच्या वर पंख पसरून बसलेला आहे, आणि प्रत्यक्षात त्या देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरला आहे. मादी साधारण दोन वर्षांत एकच अंडे घालते. गुरे मारणाऱ्या कुत्र्यांना मारण्यासाठी लोक मेलेल्या जनावरात विष घालून ठेवतात आणि ते खाऊन कोंडोरांचे थवे मरतात. २००८च्या इक्वादोरच्या राज्यघटनेने पाचामामाला, म्हणजे निसर्गाला, स्वतःचे हक्क दिले आहेत. असे करणारा तो जगातला पहिला देश. त्याच देशात आज माळावरच्या मुलीच्या डोक्यावरून कोंडोर जाण्याचा प्रसंग दुर्मीळ झाला आहे, आणि चित्रांत मात्र तो अजूनही जवळजवळ प्रत्येक आकाशात आहे. पुढची पिढी तो कशावरून काढेल, बापाच्या चित्रावरून की आभाळावरून, हा प्रश्न मला चित्रे पाहताना छळतो.

रेघोटी

यावरून तिल्सा त्सुचिया आठवल्या. पेरूच्या या चित्रकर्तीचे वडील जपानी आणि आई चिनी वंशाची होती. त्या १९२८मध्ये सुपे येथे जन्मल्या आणि १९८४मध्ये गेल्या. १९७०च्या दशकातल्या त्यांच्या "मिथक" मालिकेत हात नसलेल्या, डोंगरासारख्या स्थिर आकृत्या धुक्यात उभ्या असतात. कोणती आकृती पक्षी, कोणती शिळा आणि कोणती बाई, हे ठरवता येत नाही. त्यांनी कोणतीही एक लोककथा जशीच्या तशी रंगवली नाही. लिमा आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या बाईने अँडीजची पुराणकथा स्वतः रचली असे म्हणता येईल. दूरदेशी, आपण "कल्पना" या शब्दावर अडला आहात. त्सुचियांच्या बाबतीत मी तो शब्द आदराने वापरीन. ज्याला डोंगर शेजारी म्हणून लाभला नाही, त्याला तो मनात उभा करावा लागतो, आणि त्यांचा डोंगरही खोटा वाटत नाही.

दूरदेशी (धागाकर्ती)

रेघोटी, हे मला मान्य आहे. माझी तक्रार त्या शब्दाविषयी नव्हती, तो चुकीच्या माणसाला लावण्याविषयी होती. त्सुचियांना कल्पनेचे श्रेय द्यावे आणि तिग्वाच्या चित्रकाराला ओळखीचे.

थाप

एकच विचारायचे राहिले. आपल्याकडच्या दमट हवेत ते चित्र कसे टिकले आहे? आणि जमल्यास त्याची मागची बाजू पाहून सांगाल का? कातडे कसे तासले आहे ते मागूनच कळते.

दूरदेशी (धागाकर्ती)

आपला प्रतिसाद वाचून आजच चित्र उतरवून पाहिले. जुलै-ऑगस्टमध्ये ते मधोमध थोडे फुगते आणि दिवाळीनंतर पुन्हा ताठ होते. रंग मात्र कोंडोरच्या डाव्या पंखाजवळचा एक बारीक तडा सोडला तर शाबूत आहे. बोटाने हलके वाजवले तर अजून आवाज येतो, डिसेंबरात स्पष्ट आणि आता पावसात जरा बसका. मागच्या बाजूला तासणीचे आडवे वळ आहेत, कोपऱ्यांत कातडे त्रिकोणी कापून दुमडले आहे, म्हणजे आपण म्हणता ती सुरकुती त्यांनी बहुधा अशी काढली असावी. डावीकडच्या खिळ्यांपाशी मेंढीचे थोडे पांढरे केस तसेच राहिले आहेत.